मॅड सीझनचा 'अबव्ह': एकच अल्बम काढून गेलेला बँड, आणि डिचोलीतली माझी बुरशी लागलेली सीडी

आमच्या घरात या अल्बमच्या दोन कॉप्या झाल्या. एक जुनी सीडी, मावसभाऊ बोटीवर होता तेव्हा १९९७ च्या सुट्टीत येताना घेऊन आला होता ती, आणि दुसरा २०१३ साली परत काढलेला सेट, दोन सीड्या आणि एक डीव्हीडी असलेला, जो मी दोन वर्षांमागे ऑनलाइन मागवला, कारण जुनीला बुरशी लागली. गोव्यात राहणाऱ्याला हे समजवायला नको, जून-जुलैत इथे चामड्याचा पट्टा पांढरा होतो, कपाटातल्या चपला हिरव्या होतात, तर सीडी काय टिकणार, तिच्या चकचकीत बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे डाग आले, पुसून जातील वाटलं तर ते आतूनच. नवा सेट आला तोही भर जुलैत आणि कुरियरवाल्याने फोन न करता गेटावर पावसात ठेवून दिला, आतल्या पुस्तिकेचा एक कोपरा फुगला तो अजून तसाच आहे. सीड्या मात्र वाचल्या. तेव्हापासून हा सेट मी किती वेळा ऐकला ते मोजलेलं नाही पण रिव्ह्यू लिहायला आता हक्काने बसलोय.

ज्यांना बँड माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी गोष्ट सांगतो. १९९४ साल, अमेरिकेतलं सिएटल. ग्रंज म्हणतात ते खरखरीत गिटारींचं रॉक संगीत सगळं तिथलंच, आणि तेव्हा ते जगभर वाजत होतं, पण गावात मात्र ज्याने त्याने हेरॉइन नाहीतर दारू धरलेली, त्या एप्रिलमध्येच निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन गेलेला. पर्ल जॅमचा गिटारवाला माइक मॅक्रीडी स्वतःचं पिणं आणि ड्रग्स सोडवायला मिनेसोटातल्या रिहॅबमध्ये गेला. तिथे त्याला जॉन बेकर सॉन्डर्स भेटला, बास वाजवणारा, वयाने बराच मोठा, ब्लूजच्या बँडांत मुरलेला. दोघे बरे होऊन सिएटलला आले, स्क्रीमिंग ट्रीजचा ड्रमर बॅरेट मार्टिन याला त्यांनी घेतलं, आणि गायला बोलावलं लेन स्टेलीला, म्हणजे ॲलिस इन चेन्स या बँडच्या लेनला. आता लेनची त्या वेळची अवस्था अशी होती की त्याच्यामुळे ॲलिस इन चेन्सला त्याच उन्हाळ्यात मेटॅलिकाबरोबरची टूर सोडावी लागली होती. मॅक्रीडीच्या डोक्यात साधा हिशोब होता, मी सुटलो, बेकर सुटला, आम्ही सुटलेली माणसं त्याच्याभोवती वाजवत राहिलो तर तोही सुटेल. नंतर त्याने स्वतःच कबूल केलं की माझा तो समज चुकीचा होता.

माझ्या मते हा अल्बम ऐकायची किल्ली इथेच आहे. लोक याला ड्रग्सचा अल्बम म्हणतात, उदास, काळा, रात्री एकट्याने ऐकू नका वगैरे. मी अठ्ठावीस वर्षं ऐकतोय आणि मला तो सोडू पाहणाऱ्यांचा अल्बम वाटतो. सोडू पाहणारा माणूस कसा असतो ते ज्यांनी घरात बघितलंय त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल, तो आनंदी नसतो, पण झोपलेलाही नसतो.

पहिलंच गाणं घ्या. 'वेक अप'. साडेसात मिनिटांच्या वर चालतं. सुरुवातीला फक्त बेकरचा बास, चार-पाच सूर, जिना उतरताना म्हातारा माणूस प्रत्येक पायरीवर पाय नीट टेकवून मग दुसरा उचलतो तसे, आणि त्याच्यावर बॅरेट लाकडी-धातूच्या पट्ट्यांचं वाद्य हळूच वाजवतो, मारिंबा आणि व्हायब्स, रॉकच्या अल्बमवर ही वाद्यं कोण वाजवतं. मग लेन येतो, ओरडत नाही, उठ बाबा आता, एवढंच सांगतो, आणि कोणाला सांगतो तर स्वतःलाच. आपल्याकडे देवाला उठवायला भूपाळी म्हणतात, कार्तिकात काकड आरतीला आजी मला पहाटे ओढत देवळात न्यायची, थंडीत टाळांचा आवाज, डोळे मिटलेलेच. 'वेक अप' ऐकताना मला दर वेळी ती पहाट आठवते. गाण्याच्या शेवटाकडे तो आवाज चढतो तेव्हा कळतं की उठवणं जमलेलं नाही, तरी तो उठवायचं सोडत नाही.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होतो. दादाने, म्हणजे त्या मावसभावाने, आणलेली सीडी त्याच्याच छोट्या प्लेअरवर लावली होती, बाहेरच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, सोप्यावर बसून. आमच्या घरात तोवर नाट्यगीतं आणि भजनं, रेडिओवर आकाशवाणी पणजी, चवथीला घुमटांची आरती, एवढंच संगीत. तिकडे हणजूण-वागातोरला ट्रान्स, ते नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, चालायचं, पण ते आमचं नव्हतं, डिचोलीतल्या पोराला हणजूण म्हणजे दुसरा देशच. आई आतून आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "कोण रडटा रे तो?" दादा म्हणाला, "रडना मावशी, गायता." आईने परत कान दिला आणि काही न बोलता आत गेली. लेन स्टेलीच्या आवाजाबद्दल मी नंतर बरंच वाचलं, पण आईच्या त्या प्रश्नाहून नेमकं काही सापडलं नाही.

तिसरं गाणं 'रिव्हर ऑफ डिसीट', सगळ्यात गाजलेलं, अमेरिकेत रॉक रेडिओच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत गेलेलं. तुम्ही फक्त एकच गाणं ऐकणार असाल तर हे ऐका. मॅक्रीडीची गिटार इथे एकदम स्वच्छ, काही घाण नाही, काही आवाज चढवलेला नाही, तारेवरून बोट सरकतानाची किरकिरसुद्धा ऐकू येते, आणि लेन म्हणतो काय तर माझं दुखणं मीच निवडलेलं आहे. रेकॉर्डिंगच्या दिवसांत तो खलील जिब्रानचं 'द प्रॉफेट' वाचत होता, आणि ही कल्पना तिथलीच. जिब्रान आपल्या मराठी वाचकांना काही नवा नाही, आमच्या वाचनालयातल्या त्याच्या भाषांतराची पानं हात लागून लागून मऊ झालेली मी बघितली आहेत, पण तिथे ते वाक्य सुविचारासारखं वाटतं, शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं. लेनच्या तोंडून आलं की ते कबुलीजबाब होतं. तो कोणाला दोष देत नाही, बापाला नाही, धंद्याला नाही, नशिबाला नाही. ग्रंजमध्ये सगळे जगावर चिडलेले असायचे, हा एकटा स्वतःकडे बोट दाखवतो आणि तेही रागाने नाही, थकून. मी या गाण्यावर कधी कोणाशी वाद घालत नाही, ऐकवतो फक्त.

दुसरं 'एक्स-रे माइंड' आणि बॅरेट मार्टिनचा विषय मुद्दाम मागे ठेवला होता. सगळे लेनबद्दल बोलतात, मॅक्रीडीबद्दल बोलतात, ड्रमरबद्दल कोणी बोलत नाही. 'एक्स-रे माइंड'मध्ये ढोल कसे गोल फिरतात ते बघा, ठोका पुढे ढकलत नाही, भोवती फिरतो. माझे आजोबा घुमट वाजवायचे. ज्यांनी जवळून बघितलं नसेल त्यांच्यासाठी, घुमट म्हणजे मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी उघडं, मोठ्या तोंडावर कातडं, पूर्वी घोरपडीचं असायचं, आता घोरपड मारायला बंदी म्हणून बकऱ्याचं, आणि छोटं तोंड उघडं, त्यावर डावा तळवा ठेवायचा-काढायचा, त्या तळव्याने आवाज आत ओढला जातो आणि बाहेर सोडला जातो, घू-म, घू-म. शिकणाऱ्याचा उजवा हात चालतो, जाणत्याचा डावा, असं आजोबा म्हणायचे. बॅरेटचं वाजवणं असं डाव्या हाताचं आहे. मोठा ठोका कुठे पडतो त्यापेक्षा मधली हवा कुठे सोडली त्याच्यावर त्याचं लक्ष. पुढे तो जगभरची लोकवाद्यं शिकत फिरला, लोकसंगीताचा रीतसर अभ्यास केला, हे मला बऱ्याच नंतर कळलं आणि अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

'आयॅम अबव्ह'मध्ये मार्क लॅनेगन येतो. हा स्क्रीमिंग ट्रीजचा गायक, आवाज खर्जातला, खरखरीत, फरशीवरून लोखंडी पेटी ओढल्यासारखा. लेनचा धारदार आणि वर, याचा खाली. दोघे एकत्र गातात तेव्हा वर-खाली अशा दोन भिंती उभ्या राहतात आणि मध्ये गाणं चालतं. 'आर्टिफिशियल रेड' संथ ब्लूज, इथे बेकर सॉन्डर्स खरा घरी आल्यासारखा वाटतो, गाणं ठीक आहे, मला थोडं लांबलेलं वाटतं. 'लाइफलेस डेड' जड, चांगलं. 'आय डोन्ट नो एनीथिंग' हे दुसरं सिंगल होतं आणि बऱ्याच लोकांना आवडतं, मला मात्र आजतागायत पटलं नाही, एकच रिफ, म्हणजे गिटारचा तोच तुकडा, परत परत येत राहतो आणि लेनच्या गळ्याला तिथे काही करायलाच मिळत नाही. दहा गाण्यांत एक असं चालायचंच.

पण मग आठवं येतं, 'लाँग गॉन डे'. माझ्यासाठी अख्ख्या अल्बमचं काळीज हे आहे, 'रिव्हर'पेक्षाही. गिटार जवळजवळ मागे जाते, परत त्या मारिंबा-व्हायब्सच्या पट्ट्या, हाताने वाजवलेली तालवाद्यं, लॅनेगन आणि लेन आळीपाळीने, आणि शेवटाला स्केरिक नावाच्या वादकाचा सॅक्सोफोन जो गाण्यात शिरतो तो पाहुण्यासारखा नाही, उशिरा घरी आलेल्या घरच्याच माणसासारखा, दिवा न लावता. पावसाळ्यात रात्री लाइट गेलेली असताना ऐकावं असं गाणं. इथे मी एक गोष्ट शपथेवर सांगतो, आमच्या मागच्या माडांवर पाऊस पडायला लागला की पहिल्या मिनिटात झावळ्यांवर जो टपटप आवाज येतो, अजून धार लागलेली नसते तेव्हाचा, तो आणि या गाण्यातल्या पट्ट्या यांच्यात मला फरक सांगता येत नाही. एकदा तर गाणं संपल्यावरही वाजतंय असं वाटून मी प्लेअर बघायला उठलो होतो.

'नोव्हेंबर हॉटेल' शब्दांशिवायचं, सात मिनिटांचं, मॅक्रीडी इथे मोकळा सुटतो, हळू सुरुवात करून शेवटी गिटार नुसती भणाणते. आणि शेवटचं 'ऑल अलोन'. त्यात शब्द जवळजवळ नाहीतच, तेच ते दोन-तीन, लेनने स्वतःच्याच आवाजाचे थर एकावर एक चढवलेले. भजनात बुवा ओळ टाकतो आणि मागचे टाळकरी ती उचलतात ना, तसं, फक्त इथे बुवाही तोच आणि मागचे पण सगळे तोच. आपण सगळे एकटे असं म्हणायला त्याला स्वतःच्याच गळ्याची सोबत घ्यावी लागली, हे एकदा लक्षात आलं की ते गाणं पूर्वीसारखं ऐकता येत नाही.

अल्बम आला १४ मार्च १९९५ ला, कोलंबिया रेकॉर्ड्सकडून. सिएटलच्या बॅड ॲनिमल्स स्टुडिओत रेकॉर्ड केलेला, प्रोड्यूस बँडने स्वतः आणि ब्रेट एलियासनने मिळून. संगीताचं सगळं काम साधारण आठवड्यात झालं म्हणतात आणि ते ऐकू येतं, म्हणजे चांगल्या अर्थाने, कोणी बसून रंधा मारलेला नाही, चार माणसं एका खोलीत एकमेकांचं ऐकत वाजवतायत हे कळतं, बैठकीत कळतं तसं. त्याआधी हे लोक 'गेसी बंच' या नावाने छोट्या क्लबात वाजवायचे, पहिला कार्यक्रम ऑक्टोबर १९९४ मधला, सिएटलच्या क्रोकोडाइल कॅफेतला. नाव बदलून मॅड सीझन केलं ते बरं झालं. इंग्लंडमध्ये सरे भागात नशेच्या अळंब्या उगवायचा जो मोसम असतो त्याला तिथले लोक असं म्हणतात, पर्ल जॅमच्या पहिल्या अल्बमचं मिक्सिंग तिथे झालं तेव्हा मॅक्रीडीने ते ऐकलेलं. अळंब्यांचा मोसम आपल्यालाही ठाऊक आहे, पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला पानात बांधून विकायला बसतात आणि काय भाव सांगतात, पण आपल्या अळंब्या फक्त शाकुती करायच्या कामाच्या.

कव्हर लेनने स्वतः काढलंय, त्याचा आणि त्याची मैत्रीण डेमरी पॅरट हिचा एक फोटो समोर ठेवून, काळं-पांढरं. चेहरे जवळ आहेत. जुन्या सीडीवर ते एवढंसं दिसायचं, नव्या सेटवर नीट बघता येतं आणि बघितल्यावर बरं वाटत नाही, कारण डेमरी १९९६ मध्ये गेली आणि त्यानंतर लेन लोकांत फारसा दिसलाच नाही.

आता सेटमधल्या बाकीच्या गोष्टी. दुसरी सीडी आणि डीव्हीडी म्हणजे 'लाइव्ह ॲट द मूर', सिएटलच्या मूर थिएटरमधला २९ एप्रिल १९९५ चा कार्यक्रम. या बँडचे कार्यक्रम मोजकेच झाले, त्यातला हा एवढा नीट चित्रित झाला हे आपलं भाग्य. स्टुडिओत जे थर चढवले ते इथे नाहीत, बहुतेक गाण्यांत एकटा लेन माइकसमोर, आणि आवाज तरीही तेवढाच भरतो. 'वेक अप' इथलं मला स्टुडिओपेक्षा जास्त आवडतं. दादा आणि मी डीव्हीडी पहिल्यांदा बघत होतो तेव्हा तो म्हणाला, बघ हा गाताना किती कमी हलतो, आणि नंतर अख्खा कार्यक्रम मी तेच बघत बसलो. कॅमेरा मॅक्रीडीच्या बोटांवर जातो, बॅरेटच्या हातांवर जातो, परत लेनवर येतो आणि तो तिथेच, दांडा धरून.

बोनस गाण्यांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. झालं असं की लेन पुढे येईना तेव्हा बाकीच्यांनी लॅनेगनला घेऊन दुसरा अल्बम करायचा घाट घातला, नावही बदलून डिसइन्फर्मेशन ठेवायचं चाललं होतं, पण ज्याचा त्याचा बँड, ज्याच्या त्याच्या टूर, आणि १५ जानेवारी १९९९ ला बेकर सॉन्डर्स हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. जो सुटला होता तोच. ती वाजवून ठेवलेली तीन गाणी तशीच पडून होती, २०१३ च्या सेटसाठी लॅनेगनने त्यांच्यावर शब्द लिहून गायली. 'लोकोमोटिव्ह', 'स्लिप अवे' आणि 'ब्लॅक बुक ऑफ फिअर'. या शेवटच्यात आर.ई.एम. बँडच्या पीटर बकचाही हात आहे. गाणी चांगली आहेत, 'ब्लॅक बुक' तर फारच, पण मॅड सीझन म्हणून माझ्या कानाला ती बसत नाहीत, लॅनेगनचा हा नंतरचा आवाज आहे, वय झालेला, आणि वाजवणारे १९९० च्या दशकातले, दोन काळ एकावर एक ठेवलेत. वेगळी ऐका, 'ऑल अलोन' संपल्यावर लगेच नको. मी तर पहिली सीडी दहाव्या गाण्याला थांबवतो आणि थोड्या वेळाने बाकीची लावतो. जॉन लेननच्या एका गाण्याचं त्यांनी केलेलं व्हर्जनही आहे, ते संग्रहापुरतं.

लेन गेला ५ एप्रिल २००२ ला. कळलं दोन आठवड्यांनी. चौतीस वर्षांचा होता. लॅनेगन २०२२ च्या फेब्रुवारीत. मधे ३० जानेवारी २०१५ ला सिएटल सिम्फनीबरोबर मॅक्रीडी आणि बॅरेटने ही गाणी परत वाजवली, बासला गन्स अँड रोझेसचा डफ मकेगन आणि गायला साउंडगार्डनचा क्रिस कॉर्नेल, आणि मग दोन वर्षांनी कॉर्नेलही. आता मॅड सीझनच्या चौघांतले दोघेच उरलेत. तसं बघितलं तर मॅक्रीडी अशा बँडात आधीही होता, १९९१ चा टेम्पल ऑफ द डॉग, सिएटलचाच गायक अँड्र्यू वुड गेल्यावर त्याच्या आठवणीत केलेला, त्याचाही एकच अल्बम, आणि लोक नेहमी विचारतात दोघांत चांगला कुठला. टेम्पल ऑफ द डॉग गेलेल्यासाठी गायलेलं आहे, तो अल्बम मी मान देऊन ऐकतो. मॅड सीझन जाऊ नये म्हणून गायलेलं आहे. मला दुसरंच जास्त जवळचं आहे आणि त्याचं कारण सांगतो.

दादा बोटीवर असताना प्यायचा. सगळेच पितात म्हणायचे घरी, गोव्यात हे वाक्य फार सोपं आहे. सुट्टीत आला की सकाळपासून, मग बोट सुटली, मग नोकरी सुटली, मग वहिनी मुलीला घेऊन माहेरी पेडण्याला जाऊन राहिली दोन वर्षं. एका ठिकाणी त्याला ठेवलं होतं, नाव घेत नाही, तिथून तो जास्त बिघडून आला. मग कोणीतरी त्याला मीटिंगला नेलं, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, आणि का कोण जाणे तिथे तो टिकला. आता सात वर्षं होतील चवथीला. त्यातली पहिली पाच वर्षं मी त्याच्यासमोर हा अल्बम लावला नव्हता, भीती वाटायची, काही वर येईल म्हणून. नवा सेट आला त्या रात्री तोच म्हणाला, लाव रे. सोप्यावर बसलो, जिथे पहिल्यांदा ऐकला होता तिथेच, बाहेर पाऊस. 'वेक अप' संपेपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "आदीं हांव हें आयकतालो तेन्ना दिसतालें तो म्हाका सांगता. आतां दिसता, तो म्हाकाच आयकता." म्हणजे पूर्वी वाटायचं हा मला काहीतरी सांगतोय, आता वाटतं हा माझंच ऐकतोय. मग 'रिव्हर' लागलं आणि तो उठून आत पाणी प्यायला गेला, गाणं संपल्यावर आला. मी विचारलं नाही.

तर घ्यायचा का, तर घ्या. नुसता अल्बम स्ट्रीमिंगवर मिळतो, तिथे आधी ऐका, पण ऐकायचा तर सलग, पंचावन्न मिनिटं काढून, मोबाइलच्या स्पीकरवर नाही, कारण बेकरचा बास मोबाइलमध्ये ऐकूच येत नाही आणि बास नसेल तर 'वेक अप'चा जिनाच गायब. आवडला तर सेट घ्या, मूरच्या डीव्हीडीसाठी. ग्रंज म्हणजे आरडाओरडा असं ज्यांना वाटतं त्यांनी आठव्या गाण्यापासून सुरुवात केली तरी चालेल. आणि सीडी घेतली तर इथल्या हवेत ती कपाटात ठेवू नका, घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून, तांदूळ टाकले तर पोरकिडे होतात, अनुभवाने सांगतोय.

जुनी सीडी मी टाकणार होतो, दादा घेऊन गेला. तो आता साखळी गावात गाडीचे सुटे भाग विकायच्या दुकानात असतो, येता-जाता गाडीत लावतो. सात गाणी नीट वाजतात. 'लाँग गॉन डे'च्या मधोमध, सॅक्सोफोन यायच्या जरा आधी, बुरशीचा डाग येतो आणि सीडी अडकते. तिथून तो परत पहिल्यावर नेतो, आणि बासचे ते चार-पाच सूर सुरू होईपर्यंत डिचोली येते.